भीतीपोटी दिलेला मान : कोपरखैरण्यातल्या एका गळतीचं प्रकरण

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यातली सात मजल्यांची इमारत. चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाने दिवाळीआधी न्हाणीघर फोडून नवं करून घेतलं. संक्रांतीच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, नेमकं त्याच्या खाली, छताला ओल दिसू लागली. मग पोपडे सुटले, मग ठिबक सुरू झाली. पावसाळा लांब होता, त्यामुळे पाणी कुठून येतंय याबद्दल फारशी शंका नव्हती. अशा वेळी सोसायटीत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खालचा माणूस वर जातो, बेल वाजवतो, थोडी बोलाचाली होते आणि चार दिवसांत प्लंबर येतो. इथे ऑगस्टपर्यंत खालच्या घरातलं कोणीही वर गेलं नाही. ते का गेलं नाही, हा या प्रकरणाचा खरा विषय आहे. गळती हे फक्त निमित्त.

मी ठाण्यात समुपदेशन करते आणि गृहनिर्माण संस्थांतल्या वादांमध्ये दोन्ही बाजूंची तयारी असेल तर मध्यस्थ म्हणून बसते. इथे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोन्ही घरांनी हा मजकूर वाचून होकार दिला आहे.

खालच्या घरातले काका निवृत्त बँक अधिकारी. आयुष्य डोंबिवलीत गेलं, मुलाच्या नोकरीमुळे इकडे आले. वरच्या घरातला गृहस्थ चाळिशीचा, आगरी, लगतच्याच गावचा. बी.कॉम. झालेला, महापेच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हिशेब बघतो. पत्नी प्राथमिक शिक्षिका, घरात म्हातारी आई आणि दोन मुली. इमारतीत त्याला सगळे ‘दादा’ म्हणतात. त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले काकाही त्याला ‘दादा’च म्हणतात. वॉचमन तर ‘शेठ’ म्हणतो, आणि हा माणूस महिन्याच्या पगारावर घर चालवणारा.

ठिबक सुरू झाल्यावर काकांनी सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, बघतो. कमिटीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा कोणीतरी म्हणालं, ‘गाववाले आहेत, कशाला नादाला लागायचं?’ विषय तिथेच संपला, इतिवृत्तात त्याची नोंदही झाली नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका घरातून गळती झाली होती. तिथे कमिटीने आठवड्यात पत्र पाठवलं, पंधरा दिवसांत काम झालं. दादांना पत्रच गेलं नाही. लिफ्टमध्ये भेट झाली की काका हसून नमस्कार करत, मुलींच्या परीक्षांची चौकशी करत आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून घरी येऊन छताखाली बादली सरकवत.

ऑगस्टमध्ये दादांच्या दारावर महापालिकेची नोटीस लागली. निनावी तक्रार झाली होती, की न्हाणीघराच्या कामात आतली भिंत पाडली आहे. अधिकारी आले, पाहणी झाली. भिंत शाबूत होती. पण अधिकाऱ्यांशी बोलताना दादांना पहिल्यांदाच कळलं, की खाली आठ महिने पाणी ठिबकतंय.

सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ते उभे राहिले. त्यांचा आवाज मुळातच मोठा आहे, त्या दिवशी आणखी चढला. ‘मला तोंडावर सांगायला काय झालं होतं? मी काय कोणाला खाल्लं असतं?’ त्यांनी समोरच्या टेबलावर हात आपटला. तेवढा भाग कोणीतरी मोबाइलवर टिपला आणि सभा संपायच्या आत तो व्हॉट्सअॅप गटावर आला. खाली एका ओळीत मजकूर होता : ‘म्हणूनच कोणी बोलत नव्हतं.’

त्या ओळीत या प्रकरणातली सगळी गुंतागुंत सामावली आहे. आठ महिने ज्याच्याशी कोणी बोललं नाही, पाठीमागून ज्याच्याविरुद्ध तक्रार केली, त्याच्या संतापाचं चित्रीकरण हाच न बोलण्याच्या समर्थनाचा पुरावा ठरला. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आणि गटातल्या कोणालाही ते खटकलं नाही. १९७६ मध्ये बर्ट डंकन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने गोऱ्या विद्यार्थ्यांना एक दृश्य दाखवलं होतं. दोन माणसं वाद घालतात आणि एक दुसऱ्याला हलकासा धक्का देतो. धक्का देणारा गोरा असला की बहुतेकांना ती थट्टामस्करी किंवा जरा नाट्यमय वागणं वाटलं. तोच धक्का काळ्या माणसाने गोऱ्याला दिला की बहुतेकांनी त्याला हिंसा म्हटलं. सभेत त्याच संध्याकाळी पार्किंगच्या मुद्द्यावर एका सॉफ्टवेअर इंजिनिअरनेही टेबल बडवलं होतं. त्याचा व्हिडिओ निघाला नाही. त्याच्याबद्दल लोक एवढंच म्हणाले, की बिचारा वैतागलाय.

पहिल्या बैठकीत मी दोघांना वेगवेगळं भेटले. काका मनापासून दुखावलेले होते. ‘मॅडम, मी त्यांचा कधी अपमान केलेला नाही. उलट इमारतीत त्यांना सगळ्यात जास्त मान मीच देतो. गणपतीला त्यांच्याकडे आवर्जून जातो, त्यांच्या आईंच्या पाया पडतो.’ यातलं काहीही खोटं नव्हतं. मग मी विचारलं, ‘गळतीबद्दल त्यांना सांगितलं असतं तर काय झालं असतं?’ ते बराच वेळ थांबले. ‘काय सांगता येतं? गावातले चार जण घेऊन दारात आले असते तर?’ असं पूर्वी कधी झालं होतं का? या माणसाने कधी कोणाला दम दिला होता? नाही. मग ही भीती कुठून आली? घर घेतलं तेव्हा रेती-विटा अमक्याकडूनच घ्यायच्या, असा दबाव एका स्थानिक ठेकेदाराने आणला होता. ती आठवण आणि गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेल्या गोष्टी. गळ्यातल्या सोन्याच्या साखळ्या, हळदीच्या रात्रीचा बँजो, रांगडी बोली, सगळं एकत्र.

ठेकेदाराचा दबाव खरा होता आणि तो चूक होता. पूर्वग्रह बऱ्याचदा असाच तयार होतो. मुळाशी खोटं काहीच नसतं. एका माणसाबद्दलचा खरा अनुभव असतो, पण तो उचलून त्याच्या बोलीच्या, आडनावाच्या, गावच्या प्रत्येकाच्या अंगावर टाकला जातो. काका बँकेत कर्ज मंजूर करायचे. एका कर्जदाराने हप्ते बुडवले म्हणून त्याच्या गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज फेटाळाल का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘तसं केलं असतं तर माझी चौकशी लागली असती.’

दादांच्या घरी दुःख वेगळं होतं. नोटिशीचा राग लवकर ओसरला होता. सल होता तो मागच्या सगळ्या चांगुलपणाबद्दलचा. त्यांच्या भावाचा टेम्पो वर्षभर पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभा राहायचा. कोणी एका शब्दाने बोललं नाही. ‘मला वाटायचं, लोक समजूतदार आहेत. भावाचा धंदा नवीन आहे हे त्यांना कळतंय. आता कळलं, ते घाबरत होते.’ त्यांची पत्नी म्हणाली, ‘आता जुन्या सगळ्या हसण्यांचा हिशेब मनात सुरू होतो. कोणतं खरं होतं, कोणतं नव्हतं.’ आईने आगरीत विचारलं, की आम्ही काय वाघ आहोत का. एरवी ती माझ्याशी शहरी मराठीत बोलत होती.

दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा दादांनी जे विचारलं ते मी इथे जसंच्या तसं देते. ‘काका, समोरच्या घरातल्या पोराशी तुम्ही शूजच्या रॅकवरून भांडलात. मी जिन्यात ऐकलंय. सेक्रेटरींशी दर महिन्याला भांडता. माझ्याशी का नाही भांडलात?’

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. भांडण ही आपण अनादराची खूण मानतो. हा माणूस भांडण मागत होता, कारण ते मिळालं असतं तर तो इतरांसारखा एक शेजारी ठरला असता. इंग्लंडमधले तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ मध्ये या भेदाची फार नेमकी मांडणी केली. माणसाशी आपण दोन तऱ्हांनी वागतो. एका तऱ्हेत आपण त्याच्यावर रागावतो, त्याचे आभार मानतो, त्याला माफ करतो, त्याच्याकडून स्पष्टीकरण मागतो. दुसऱ्या तऱ्हेत आपण त्याला हाताळतो, सांभाळून घेतो, त्याच्यापासून स्वतःला जपतो. दुसरी तऱ्हा कधी गरजेची असते, उदाहरणार्थ समोरचा भ्रमिष्ट अवस्थेत असेल तेव्हा. पण शहाण्यासुरत्या माणसाशी कायम तसं वागणं म्हणजे त्याला संवादातून बाहेर ठेवणं. मग तोंडावर कितीही गोड बोललं तरी फरक पडत नाही. काका आठ महिने दादांना हाताळत होते. नमस्कारही त्या हाताळणीचाच भाग होता.

अमेरिकी तत्त्वज्ञ स्टीफन डारवॉल यांनी १९७७ मध्ये आदराचे दोन प्रकार वेगळे केले. एक आदर एखाद्याच्या गुणांसाठी, कर्तृत्वासाठी वाटतो. तो कमीजास्त होऊ शकतो, वाटलाच पाहिजे असंही नाही. दुसरा आदर वाटण्याचा नसतोच, द्यायचा असतो : समोरचा माणूस आहे, त्याचं म्हणणं आणि त्याची जबाबदारी दोन्ही मोजायला हवीत, हे ध्यानात ठेवून त्याच्याशी वागणं. पुढे त्यांनी हा विचार असा वाढवला, की एकमेकांकडे हक्काने काही मागता येणं आणि एकमेकांना जाब विचारता येणं हाच या दुसऱ्या आदराचा गाभा आहे. आपल्याकडे ‘मान देणे’ हे बहुधा वाकण्याशी, पाया पडण्याशी, पहिल्या रांगेतल्या खुर्चीशी जोडलेलं असतं. त्यामुळे भीतीने वाकलेला माणूसही मान देतोय असंच दिसतं, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. काका प्रामाणिकपणे समजत होते की आपण मान देतोय. दादांनाही वर्षानुवर्षं तसंच वाटत होतं.

इथे जागेचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. भातशेती, मिठागरं, खाडीची मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळी गावं शहराच्या पोटात आली. जानेवारी १९८४ मध्ये या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासईच्या परिसरात आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. ही इमारत अशाच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी आहे. दादांच्या वडिलांनी भूखंड बिल्डरला दिला आणि बदल्यात मिळालेल्या घरांपैकी एक म्हणजे चौथ्या मजल्यावरचं घर. इमारतीतल्या बहुतेकांना हे माहीत नव्हतं. ‘गाववाल्यांनी दबाव टाकून घर मिळवलं असेल’ असं एकीने मला मोकळेपणाने सांगितलं.

आगरी माणूस म्हणजे तापट, हात उचलणारा, हे चित्र ज्यांच्या मनात पक्कं आहे त्यांनी चरीचा संप आठवावा. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संप सुरू झाला. २५ गावांतल्या कुळांनी, ज्यांत बहुसंख्य आगरी होते, जमीन कसणंच थांबवलं. जंगलात लाकूडफाटा गोळा करून पोटं भरली, पण नांगर धरला नाही. १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पोट मारून सहा वर्षं हात आवरणाऱ्यांच्या नातवंडांबद्दल शहरात कोणती ख्याती पसरली आहे, ते पाहून मला वाईट वाटतं. दादांच्या आईचं माहेर त्याच पट्ट्यातलं. बैठकीत संपाचा विषय तिनेच काढला आणि काका पहिल्यांदा तिच्याकडे वळून नीट ऐकू लागले.

पूर्वग्रह दुसऱ्या बाजूलाही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. दादांच्या मनात ‘सेक्टरवाले’ म्हणजे आमच्या जमिनीवर आयते येऊन बसलेले, हळदीला बोलावलं तर पाकीट देऊन पळणारे, पोरांना गावातल्या पोरांशी खेळू न देणारे. काका स्वतः चाळीत वाढले, तीस वर्षं पहाटेची लोकल धरून या घराचे पैसे जमवले, हे दादांना माहीत नव्हतं. पण दोन्ही पूर्वग्रहांना सारख्या तराजूत घालायला मी तयार नाही. सेक्टरवाल्यांबद्दल दादांचं मत काहीही असलं तरी त्यामुळे काकांच्या दारावर नोटीस लागली नव्हती.

आणि गळती? ती दादांच्याच घरातून होती. प्लंबरने नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करून न्हाणीघरात पाणी तुंबवलं, काही तासांनी खाली ठिबक वाढली. नव्या कामात ट्रॅपच्या जोडावर वॉटरप्रूफिंग नीट झालेलं नव्हतं. गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींनुसार घरातल्या न्हाणीघर-सिंकची गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते, सामाईक पाइपांची आणि पावसाची गळती संस्थेने. त्यामुळे खर्च दादांचा होता. त्यांनी पुढच्याच आठवड्यात फरशी उखडली, खालच्या छताचं प्लास्टर आणि रंगही करून दिला. हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण ज्याच्यावर अन्याय होतो तो बाकी सगळ्या बाबतींत निर्दोषच निघाला पाहिजे, अशी आपली एक अपेक्षा असते. दादांची चूक होती. ती चूक वेळेवर दाखवली जाण्याचा त्यांचा हक्क होता. टेम्पोचंही तसंच. ‘कोणीतरी मला हटकायला हवं होतं,’ ते म्हणाले. टेम्पो आता गावातल्या घरासमोर उभा असतो.

पुढे काय करायचं, यावर कमिटीत एकाने सुचवलं की सगळ्यांचं एक स्नेहसंमेलन घेऊ. मी विरोध केला. ओळख वाढली की पूर्वग्रह आपोआप विरतो ही समजूत अपुरी आहे. एकाच लिफ्टमधून ये-जा करणं ही ओळखच होती आणि तिने काही साधलं नव्हतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगून ठेवलं होतं, की संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचा तर त्या संपर्कात दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, काम परस्परांच्या मदतीने व्हायला हवं आणि वरून त्याला पाठबळ हवं. आपल्या देशातला पुरावाही याच दिशेचा आहे. उत्तर प्रदेशात तरुणांच्या क्रिकेट संघांवर अर्थतज्ज्ञ मॅट लो यांनी केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या जातींचे खेळाडू एकाच संघात खेळले तेव्हा जातीपलीकडच्या मैत्री वाढल्या. ते केवळ प्रतिस्पर्धी म्हणून समोर आले तेव्हा तसा फायदा दिसला नाही.

म्हणून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काका आणि दादा या दोघांच्या उपसमितीकडे द्यावं, असं मी सुचवलं. काकांना कोटेशनं तपासण्याची सवय, दादांना हिशेबाची. काका सुरुवातीला राजी नव्हते आणि नाराजी त्यांनी लपवली नाही. मला ते शुभलक्षण वाटलं. दुसऱ्याच कोटेशनवर दोघांची चांगलीच जुंपली. दादांना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, हवा होता, काकांना स्वस्तातलं लेपन. सेक्रेटरींनी घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, मध्ये पडू नका. शेवटी कोबा ठरला, पण हमीची मुदत काकांनी ठेकेदाराकडून वाढवून घेतली.

आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात लोकशाहीचा अर्थ सांगितला होता : ती नुसती राज्य चालवण्याची पद्धत नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे आणि तिच्या मुळाशी सोबतच्या माणसांविषयीचा आदर आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था ही त्याची अगदी छोटी शाळा असायला हवी. तिथे प्रत्येकाला एक मत असतं, हिशेब विचारण्याचा हक्क असतो. भीतीपोटी एखाद्याला त्या देवाणघेवाणीतून वगळलं की त्याचं मत कागदावर राहतं आणि तो मात्र बाहेर पडतो.

कमिटीने एक नियम केला : सभासदाविरुद्धची तक्रार आधी त्याला समक्ष सांगायची, मगच लेखी द्यायची. निनावी तक्रार संस्था स्वीकारणार नाही. यावर पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका बाईंनी हरकत घेतली आणि ती मला पूर्णपणे पटली. ‘मला कोणाही पुरुषाच्या दारात जाऊन तक्रार करायची भीती वाटते. तो कुठला, कोणत्या जातीचा, याच्याशी तिचा संबंध नाही. या नियमाने मला गप्प बसवलंत.’ भीतीचेही प्रकार असतात. एखाद्याने दिलेल्या धमकीमुळे वाटणारी भीती किंवा एकटी स्त्री म्हणून रोज सांभाळावी लागणारी सावधगिरी वेगळी, आणि बोलीवरून, गावावरून बांधलेली भीती वेगळी. पहिलीला संस्थेने आधार दिला पाहिजे. दुसरीला आधार दिला की ती धोरण बनते. नियमात मग बदल झाला. तक्रारदाराला नको असेल तर कमिटीतले दोन जण त्याच्या वतीने सांगतील, पण सांगतील समक्ष, आणि पत्र सगळ्यांना एकाच मुदतीत जाईल. त्या दोघांपैकी एक स्त्री असावी, असा आग्रह दादांच्या पत्नीने धरला.

निनावी तक्रार कोणी केली ते अजून पुढे आलेलं नाही. दादांनी नाव शोधण्याचा प्रयत्न करू नये असं त्यांच्या आईने सांगितलं, पत्नीला ते मान्य नाही. व्हिडिओ गटावरून काढला गेला, पण माफी कोणी मागितली नाही. ती मागावी असा ठराव काकांनी पुढच्या सभेसाठी दिला आहे आणि अनुमोदक म्हणून अजून तरी एकच सही आहे, पहिल्या मजल्यावरच्या बाईंची.